दरडोई मोजता, मग दर डोईची काळजी कोण घेणार?



आरोग्याच्या पानावर आज आम्ही एका शब्दापासून सुरुवात करीत आहोत. शब्द लॅटिन आहे, 'कॅपुट'. अर्थ साधा आहे, डोके. डॉक्टरांच्या पुस्तकात तो आहे, वकिलांच्या पुस्तकात आहे आणि आपल्या रेशन कार्डाच्या हिशेबातही आहे. सरकारी कागदात 'पर कॅपिटा' असे लिहितात, त्यातला 'कॅपिटा' म्हणजे हेच डोके. मराठीत आपण त्याला 'दरडोई' म्हणतो. दरडोई उत्पन्न, दरडोई धान्य, दरडोई पाणी. डोईमागे किती, असा हा हिशेब.

हा शब्द आम्ही उगाच काढलेला नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये, माणसांच्या डोक्यावरचे केस तीन-चार दिवसांत मुठीने हातात येऊ लागले. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. काहींनी भीती दाखवली, काहींनी चेष्टा केली. आता बातमी थंड झाली आहे, पण त्या बातमीतला प्रश्न थंड होऊ द्यायचा नाही. आमचे म्हणणे एका वाक्यात असे की, जे शासन धान्य वाटताना डोकी मोजते, त्या शासनावर त्या प्रत्येक डोक्याच्या आरोग्याचीही जबाबदारी आहे. ही जबाबदारी मागून घ्यावी लागते, आणि मागायची तर आधी आपल्याला आपले शरीर व आपला कायदा दोन्ही समजले पाहिजेत. म्हणून या एका शब्दाचा माग काढत जाऊ.

मांडीच्या हाडाचे डोके

शरीरशास्त्रात डोके फक्त मानेवर नसते. हाडाच्या गोल टोकालाही डोके म्हणतात आणि स्नायूच्या मुळालाही. वस्तीतली जिमला जाणारी पोरे 'बायसेप्स', 'ट्रायसेप्स' म्हणतात, त्याचा अर्थ दोन डोक्यांचा आणि तीन डोक्यांचा स्नायू. 'सेप्स' हा त्याच 'कॅपुट'चा बदललेला अवतार.

आपल्या समाजासाठी यातले सर्वांत महत्त्वाचे डोके म्हणजे मांडीच्या हाडाचे. खुब्याच्या खोबणीत बसणारा हा गोल चेंडू. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि या बारीक वाहिन्यांत अडकतात. रक्त बंद पडले की हाडाचे ते डोके आतल्या आत मरू लागते. माणूस लंगडतो, जांघेत दुखते, गुडघ्यात दुखते, खाली बसता येत नाही. घरचे म्हणतात वात आहे, चमक भरली आहे, आणि चोळून घेतात. हाड मात्र चोळण्याने जिवंत होत नाही.

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही आहे, हे आजचे नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिचा भर आदिवासी भागावर आहे, म्हणून आपल्या वस्तीत कोणी आपणहून येईल अशी वाट पाहत बसू नये. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून रक्ताची तपासणी करून घ्यावी.

लग्न जमवताना आपण पत्रिका पाहत नाही, हे बाबासाहेबांच्या धम्माने दिलेले शहाणपण. पण सिकलसेलचे कार्ड जरूर पाहावे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल तर मुलाला आजार होत नाही, फार तर मूल वाहक होते. यात कोणाचा दोष नाही आणि मुलीचा तर मुळीच नाही. ज्याला आजार आहे त्याने पाणी भरपूर प्यावे, थंडीत अंग झाकावे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत आणि खुबा दुखू लागला तर लवकर दाखवावे. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, तेव्हा "एक्स-रे चांगला आहे" एवढ्यावर परत येऊ नये. आणि एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करणे ही भीक नव्हे.

बाळाच्या डोक्यावरची सूज

दुसरे 'कॅपुट' बाळंतिणीच्या खोलीत भेटते. कळा लांबल्या की बाळाच्या डोक्यावर दाब येतो आणि जन्मतःच टाळूच्या मागे किंवा बाजूला मऊ सूज दिसते. डोके लांबुळके दिसते. डॉक्टर तिला 'कॅपुट' म्हणतात आणि केसपेपरवर तसे लिहितात. कागदावर तो शब्द पाहून घाबरू नये. ही सूज कातडीखालच्या पाण्याची असते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते.

ती उतरावी म्हणून दाबणे, गरम तेलाने चोळणे, डोके गोल करण्यासाठी पिळणे, फडके गच्च बांधणे, यांपैकी काहीही करू नये. आजीच्या हातात माया असते यात शंका नाही, पण ताज्या बाळाची कवटी जुळलेली नसते. दुसरी एक सूज असते, ती जन्मानंतर काही तासांनी एका बाजूला वर येते. ती रक्ताची असते, जिरायला कित्येक आठवडे घेते, आणि त्या बाळाला कावीळ होऊ शकते. तिलाही सुई लावायची नाही, फक्त डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचे. मात्र सूज पसरत कानामागे, मानेकडे जात असेल, बाळ पांढरे पडत असेल, दूध ओढत नसेल, तर एक तासही घालवू नये. 108 ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यावे.

टाळूबद्दलही सांगून ठेवतो. टाळू तेलाने 'भरत' नाही. ती साधारण एक ते दीड वर्षात हाड वाढून आपली आपण भरते. तेल लावण्याने ती लवकर भरत नाही आणि न लावल्याने उशीरही होत नाही. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली तर अंगातले पाणी आटले असे समजावे, क्षारसंजीवनी पाजावी आणि दवाखाना गाठावा. तापात टाळू फुगली तर तो मेंदूच्या आजाराचा इशारा असतो. टाळू हे बाळाच्या अंगावरचे दार आहे, त्यातून आतली हालहवाल कळते.

पोटावर दिसणारे डोके

तिसरे 'कॅपुट' पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये. ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टीत मेडुसा नावाची बाई आहे, तिच्या डोक्यावर केसांऐवजी साप आहेत. दारूने किंवा कावीळ-ब, कावीळ-क या विषाणूंनी यकृत निबर झाले की पोटातल्या रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही. मग ते आडवाटेने जाते आणि बेंबीभोवतीच्या शिरा फुगून सापांसारख्या चारी दिशांना पसरतात. डॉक्टर त्याला 'कॅपुट मेडुसी' म्हणजे मेडुसाचे डोके म्हणतात. तशाच शिरा अन्ननलिकेत फुगलेल्या असतात, त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते, शौच डांबरासारखे काळे होते आणि घरातला कर्ता माणूस रात्रीत जातो.

पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेत म्हणतो. ते म्हणून बाहेर पडणाऱ्यांपैकी कितीजण थेट गुत्त्यावर जातात, हा प्रश्न प्रत्येक वस्तीने स्वतःला विचारावा. आम्ही दारुड्याला शिव्या देणारे नाही. व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला उपचार लागतो. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. पण सोडावीच. नवजात बाळाला चोवीस तासांच्या आत कावीळ-बची लस मिळाली की नाही हे आईने विचारावे. आणि जिथे परवान्याचे दुकान वस्तीच्या तोंडाशी आहे तिथे 'आडवी बाटली'च्या मतदानाचा हक्क बायकांच्या हातात आहे, तो वापरावा.

कायद्यातली डोई

आता दवाखान्यातून कोर्टात जाऊ, कारण हा शब्द तिथे आणखी बोलका होतो.

प्राचीन रोमच्या कायद्यात 'कॅपुट' म्हणजे माणसाची कायद्यापुढची ओळख. स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि कुटुंबातले स्थान या तिन्ही गोष्टी मिळून माणसाला कायद्याच्या नजरेत 'डोके' मिळे. त्यांतले काही गेले की 'डोके कमी झाले' असे कायदा म्हणे. आणि गुलाम? रोमचा कायदा सरळ सांगत असे की गुलामाला डोकेच नाही. धडावर असेल, पण कायद्यात नाही.

दुसराही एक शब्द रोमने ठेवला आहे. शिरगणतीच्या वेळी मालमत्तेप्रमाणे नागरिकांचे वर्ग पाडत. ज्यांच्याजवळ नोंदवण्यासारखी मालमत्ताच नसे, त्यांना 'डोक्याने मोजलेले' म्हणत. शेत नाही, घर नाही, जनावर नाही, एक डोके तेवढे आहे, म्हणून तेवढेच लिहा. वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना?

आपल्याकडे तर गुलामाच्याही खालची पायरी होती. पुरुषसूक्ताने समाजाचे एक शरीर कल्पिले, मुख एका वर्णाला दिले आणि पाय दुसऱ्याला. आपल्या पूर्वजांना त्या शरीरात पायाचीही जागा नव्हती, ते गावाबाहेर आणि शरीराबाहेर. न्हावी त्यांच्या डोक्याला हात लावीत नसे. त्यांच्या डोक्याचा उपयोग ओझे वाहण्यापुरता.

बाबासाहेबांनी रोममधील गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, तेव्हा त्यांनी आरोग्याशी थेट संबंध असलेला एक मुद्दा मांडला. गुलाम हा मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला खाऊ घालणे, आजारात जगवणे यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या बाबतीत राबवून घेणारे सारे होते, पण त्याच्या पोटाची आणि प्रकृतीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. राबताना, मते मागताना, आकडे भरताना तुमचे डोके मोजले जाते आणि तुम्ही आजारी पडलात की कोणीच जबाबदार नसते, ही अस्पृश्यतेची खरी रचना आहे. संविधानाने कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि प्रत्येक डोक्याला एक मत, एक किंमत दिली. पण ही 'कोणीच जबाबदार नाही' म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. शेगाव तालुक्याने तीच पुन्हा दाखवली.

शेगाव तालुक्यातली डोकी

बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून आधी बातमी आली. डोके खाजणे, डोके दुखणे, कोणाला ताप, कोणाला मळमळ, आणि मग केस. पाहता पाहता गावे वाढली. 18 गावे आणि 279 माणसे असा आकडा पुढे आला. त्यात पुरुष होते, बाया होत्या, लहान मुलेही होती. कॉलेजच्या मुली घराबाहेर पडेनात, जमलेली लग्ने अडली, अशा बातम्या त्या दिवसांत येत होत्या.

आपल्या विहारात श्रामणेर शिबिराला पोरे स्वखुशीने मुंडण करून बसतात, चीवर घालतात, त्या मुंडणाला आपण वंदन करतो. ते मुंडण माणसाने स्वतः निवडलेले असते. न विचारता कोणाच्या डोक्यावरून केस जाणे, आणि का गेले हे कोणी न सांगणे, ही वेगळी गोष्ट आहे.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो साहजिक होता. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त सापडते. पुढे बुरशीचा आजार असल्याचे सांगितले गेले. जानेवारी 2025 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने नेले.

याच काळात महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर गावांत आले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव असलेले हे डॉक्टर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी स्वतः खर्च करून तपासण्या केल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य नेहमीच्या 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट निघाले, आणि जस्त कमी निघाले. त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम आणि धुतलेल्या गव्हात 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम निघाल्याचे त्यांनी सांगितले. म्हणजे धुऊनही ते गेले नाही. ते दाण्याला वरून चिकटलेले नसते, पीक वाढताना जमिनीतून दाण्यात उतरलेले असते. पंजाबात होशियारपूर, नवांशहर या भागातल्या काही जमिनींत सेलेनियम फार आहे, ही गोष्ट शेतीशास्त्राला अनेक वर्षे माहीत आहे.

सेलेनियम हे विष नाही, थोडेसे शरीराला लागतेच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरते, आणि 400 च्या वर जाऊ नये असे मानतात. जास्त झाले की केस जातात, नखे ठिसूळ होऊन गळतात, श्वासाला लसणासारखा वास येतो, हातापायांना मुंग्या येतात. चीनमधल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात असेच झाले होते. आपल्या गावांतही एप्रिल 2025 मध्ये काही जणांची नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या. दिलासा एवढाच की जास्तीचे सेलेनियम पोटात जाणे थांबले की केस पुन्हा येतात, आणि अनेकांना आलेही.

दरडोई हिशेब

आता आपण घरच्या घरी हिशेब करून पाहू. अन्न सुरक्षा कायदा 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. त्यातले 3 किलो गहू धरले तर रोजचे 100 ग्रॅम झाले. डॉ. बावस्करांचा धुतलेल्या गव्हाचा आकडा खरा मानला तर 100 ग्रॅममध्ये 1360 मायक्रोग्रॅम सेलेनियम येते. मर्यादा 400 ची. म्हणजे फक्त रेशनच्या पोळीतून मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त. ज्याच्या घरात रेशनशिवाय दुसरे धान्य नाही, जो उपवासाला नव्हे तर रोज तीच पोळी खातो, त्याच्या डोक्यावर हा मार सर्वांत आधी बसणार. जो मॉलमधून पाच प्रकारचे पीठ आणतो त्याच्या ताटात एका शेताचा दोष पाच ठिकाणी वाटला जातो. गरिबाच्या ताटात तो एकवटतो.

सरकारी खरेदीच्या वेळी गव्हाचा ओलावा, कचरा, फुटके दाणे, किडके दाणे तपासतात. जमिनीतून दाण्यात शिरलेले द्रव्य यात दिसत नाही. त्यामुळे गहू 'निकषात बसला' असे कोणी म्हटले तरी आमचा प्रश्न सुटत नाही. निकषच अपुरा असेल तर निकष बदला. ज्या भागाची जमीन सेलेनियमची म्हणून माहीत आहे, तिथला गहू वेगळा तपासा, दुसऱ्या गव्हात मिसळा किंवा माणसांच्या ताटात पाठवू नका.

एक गोष्ट येथे ठासून सांगतो. या लेखाचा अर्थ 'रेशनचा गहू खाऊ नका' असा कोणी काढू नये. कंट्रोलचे धान्य हा आपला कायद्याने मिळालेला हक्क आहे. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. एका खेपेतल्या दोषाचे निमित्त करून धान्य बंद करा आणि खात्यात पैसे टाका, असे कोणी सुचवील तर तेही आम्हाला मान्य नाही, कारण पैशाने बाजारभाव बांधला जात नाही. आम्हाला धान्यच पाहिजे, आणि तपासलेले धान्य पाहिजे. कायद्यानेही धान्य म्हणजे ठरवलेल्या दर्जाचे धान्य, अशीच व्याख्या केली आहे.

मोजणीबद्दलही दोन शब्द. अन्न सुरक्षेचा राज्याचा कोटा 2011 च्या जनगणनेवर ठरला. त्यानंतर जन्मलेली किती लेकरे अजून कार्डावर चढलेली नाहीत, हे प्रत्येक वस्तीने पाहावे. अंत्योदय कार्डाला घरामागे 35 किलो मिळते, म्हणजे सातांहून जास्त माणसांच्या घरात दरडोई धान्य 5 किलोच्या खाली जाते. म्हणून येत्या जनगणनेत एकही डोके सुटू देऊ नये. 2011 मध्ये देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. धर्म बौद्ध असे स्पष्ट लिहावे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, तेव्हा भीतीपोटी काही लपवण्याचे कारण नाही.

वस्तीने काय करावे

काही कामे आपल्या हातातली आहेत.

एका गल्लीत, एकाच आठवड्यात, तीन-चार घरांत सारखाच त्रास दिसला, मग केस असोत, जुलाब असोत की अंगावरचे चट्टे, तर तो एकट्या माणसाचा आजार नाही. कारण सामाईक आहे. त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. विहारात एक वही ठेवावी. नाव, वय, त्रास कधी सुरू झाला, पाणी कोठले, धान्य कोणत्या महिन्याचे, एवढे लिहावे. सांगोवांगीवर विश्वास ठेवू नये, तपासून पाहावे, ही बुद्धाची शिकवण वहीतूनच सुरू होते.

दर महिन्याच्या रेशनमधले किलोभर धान्य कोरड्या, स्वच्छ पिशवीत तारीख टाकून दोन-तीन महिने बाजूला ठेवावे. गडबड झाली की पुरावा म्हणून तेच उपयोगी पडते. सारेच दळून खाल्ले की तपासायला काही उरत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे विकत घेणारा साधा माणूसही ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मोफत रेशनला 'विकत घेतले नाही' असे कोणी म्हटले, तर अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करावा.

रेशनची तक्रार 1967 या क्रमांकावर नोंदवता येते आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी देता येते. पोच घेतल्याशिवाय उठू नये. प्रत्येक रेशन दुकानावर दक्षता समिती असावी असे कायदा सांगतो. तिच्यात आपल्या वस्तीतली बाई आहे का, हे विचारावे.

केस गळाले म्हणून जडीबुटीच्या तेलावर, अंगारे-धुपाऱ्यावर पैसे उधळू नयेत. मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घेऊ नयेत, काहींत सेलेनियमच असते. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात ते वेगळे, ते परत येतात. मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून केस तुटत असतील तर बहुधा बुरशी असते, तिला पोटातले औषध लागते. कोणते काय, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आणि ज्याच्या डोक्यावरचे केस गेले त्याला हसू नये, त्याच्याशी सोयरीक मोडू नये. हा स्पर्शाने लागणारा आजार असल्याचे काही सिद्ध झालेले नाही. शिवाशिवीचा अर्थ आपल्याहून जास्त कोणाला कळणार?

शासनाकडे आमच्या मागण्या तीन आहेत. शेगाव तालुक्यातल्या तपासणीचे सर्व निष्कर्ष मराठीत, त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. रेशनच्या धान्यातील जड द्रव्यांची तपासणी गोदामातच, नियमित व्हावी आणि तिचा आकडा दुकानावर दिसावा. ज्या 279 जणांची नोंद झाली, त्यांची केस परत आल्यावरही पुढची काही वर्षे मोफत तपासणी व्हावी, कारण नखे आणि नसा यांचा हिशेब केसांबरोबर संपत नाही.

अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. त्या भिक्षूची जबाबदारी कोणाची, असा वाद त्यांनी घातला नाही. तिथे होते त्यांनी हात पुढे केले, आणि मग संघाला नियम घालून दिला की आजाऱ्याची सेवा संघानेच करायची. आपणही तेच करायचे आहे. आधी एकमेकांची विचारपूस, मग कायद्याने ज्याची जबाबदारी आहे त्याच्या दारात वही घेऊन जाणे. डोकी मोजून मते घेणाऱ्यांना, डोकी मोजून धान्य देणाऱ्यांना, त्याच डोक्यांनी आता प्रश्न विचारले पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!